गोड गोळीचे चार वाटे

"मॅडम, लेकराला झोपायची गोळी द्या ना एखादी."

आखाडा बाळापुरात मी इतकी वर्षं मेडिकल चालवलं, त्यात हे वाक्य किती वेळा ऐकलं याला गणती नाही. तापाची गोळी मागणारा आधी ताप सांगतो. पोटदुखीवाला पोट धरूनच येतो. लेकराच्या झोपेचं औषध मागणारा मात्र इकडंतिकडं बघतो, काउंटरवर कोपर टेकतो आणि आवाज खाली आणतो. मी मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "कोणाला? वय काय? आणि झोप काहून येईना त्याला?" बाजूची गिऱ्हाइकं वळून बघायची, आणि तो माणूस म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, बाम द्या एक."

माझा आवाज मुळात मोठा आणि स्वभाव तिखट, हे गावाला माहीत आहे. आता दुकान सून सांभाळते. तीही फार्मसी शिकलेली, पण बोलायला गोड. गिऱ्हाईक वाढलंय, असं ती म्हणते. तुमच्यामुळे कमी होतं, असं म्हणत नाही, एवढं तिचं चांगलं आहे.

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, पुराच्या वेळी आपण कंबरभर पाण्यातून खोकी काढली ते लिहा." तेही लिहिण्यासारखं आहेच. पण लिहायला बसले तर डोळ्यापुढं आला गयाबाईचा अडकित्ता. मग म्हटलं, तेच लिहावं.

आधी धंद्याचं थोडं सांगते. आमच्या वस्तीतली फार्मसी शिकलेली मी पहिली पोरगी. दुकान टाकलं तेव्हा काही लोक माझ्या हातून गोळी घ्यायचे, पण दुकानातलं पाणी प्यायचे नाहीत. गोळी कोरडीच गिळायचे आणि ठसका लागला की माझ्याकडेच रागानं बघायचे. पुढं उन्हाळ्यात माझ्या रांजणापाशी तेच आधी येऊ लागले, मीही मग कधी विषय काढला नाही. गोळ्यांच्या पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढायची. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री, दोन्ही असले तर दोन्ही वेळा. शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, सूर्य-चंद्रात कोणाची गल्लत होत नाही. निदान मला तसं वाटायचं.

आता लेकरांच्या झोपेचं. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते. हे आयाबायांना एकमेकींकडून बराबर कळतं. मग नाक कोरडं ठणठणीत असलं तरी सर्दीच्या बाटलीची मागणी येते. बाई, सर्दी कुठंय? "होईल न् मॅडम, थंडीचे दिस हायत." या औषधाची गंमत अशी की काही लेकरं त्यानं पेंगतात आणि काही उलटी चेकाळतात. जे लेकरू मुळातच अती चळवळं, त्याच्या बाबतीत तर काय होईल याचा भरवसाच नाही. मग आई बाटलीतलं अजून एक झाकण पाजते. हे मी शंभरदा सांगितलं, आणि मी नाही म्हटलं की माणसं सरळ पुढच्या चौकातल्या मेडिकलवर जायची. दुकानात बसून मला त्यांची पाठ दिसायची. हा सल मात्र मनात राहिला. माझ्या नाही म्हणण्यानं माझं दुकान स्वच्छ राहिलं, पण त्या लेकराच्या पोटात जायचं ते गेलंच.

एकदा वारंगा फाट्यावरचा एक ढाबेवाला आला. पोरगं रात्री दोनशिवाय झोपत नाही म्हणाला. चौकशी केली तर पोराची खाट ढाब्यातच, वर ट्यूबलाइट, समोर हायवे, ट्रकवाल्यांचे हॉर्न, आणि पोराच्या हातात बापाचाच मोबाइल. मी म्हटलं, "गोळी पोराला नको, तुमच्या ट्यूबलाइटीला द्या." तो इतका हसला की काउंटरवरचं आरशाचं स्टँड पाडलं. पण पुढच्या खेपेला सांगून गेला की खाट मागच्या खोलीत नेली, आता बरं आहे.

दुसरा एक आला तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. एका वसतिगृहाचा माणूस. कुठलं ते सांगत नाही. सर्दीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या पाहिजेत म्हणाला. मी विचारलं, साथ आली का? तो म्हणाला, "साथ न्हाई हो मॅडम. लहान लेकरं रडतेत रात्री. समद्यांना एक-एक चमचा दिला की शांत." इतक्या सहजपणे म्हणाला, जसं रांगेत बसवून खिचडी वाढावी. मी त्याला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण तोही पुढच्या चौकात गेलाच असणार.

म्हणूनच रेखा पहिल्यांदा आली तेव्हा माझं डोकं आधीच गरम होतं.

रेखा म्हणजे कयाधू नदीकाठच्या एका गावातली सून. नवरा पुण्याला कंपनीत, सणावाराला यायचा. ही इथं एकत्र घरात: सासू गयाबाई, मोठे दीर भाऊराव, जाऊ, त्यांची तीन लेकरं, आणि हिची एकुलती एक ईश्वरी. ईश्वरी तेव्हा तिसरीत असेल. आई काउंटरपाशी उभी राहिली तेवढ्यात त्या पोरीनं वजनकाट्यावर उडी मारली, ओआरएसच्या पुड्या रंगानुसार लावल्या, परत विस्कटल्या, माझ्या खुर्चीवर चढून कॅलेंडरचं पान उलटलं आणि मला विचारलं, "तुमच्या दुकानात सापाचं औषध हाय का? मुंगसाला चावला तर चालतं का?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

"मॅडम, ते सर्दीचं द्या," रेखा म्हणाली. "झोपायला."

मी सुरू झाले. लेकराला गुंगीत ठेवायचं असेल तर जन्माला कशाला घालता, इथपर्यंत माझी गाडी गेली. रेखा नुसती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आवाज न करता. उभ्यानं रडणारी बाई मला बघवत नाही. मी फळी उचलून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि रांजणातलं पाणी दिलं.

तिनं सांगितलं ते असं. पोरगी दिवसभर अशीच. शाळेत बाकावर टिकत नाही, मास्तर रोज सांगतात. पण दिवसाचं चालून जातं. रात्री सगळं घर झोपलं तरी हिचे डोळे टक्क उघडे. उठते, भांडी वाजवते, चुलत भावांना हलवून उठवते, म्हशीशी गप्पा मारायला गोठ्यात जाते. एकदा दाराची कडी काढून रस्त्यापर्यंत गेली होती, ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं आणून सोडली. भाऊराव रात्र रात्र जागे, आणि दिवसा हळदीच्या गाडीवर बसले की डुलक्या. हळद विकायला मोंढ्याकडे, म्हणजे बाजार समितीकडे, जाताना एकदा गाडी नाल्यात जाता जाता वाचली.

"मोठे दीर म्हणतेत, हिला वसतिगृहात टाका. तिथं शिस्त लागंल," रेखा म्हणाली. "माह्या मालकाला पण फोनवर पटवून राहिले. मॅडम, ही तिथं गेली तर कोण बघंल हिच्याकडं? हिला नुसतं आवरत न्हाई हो, ही वाईट न्हाई."

वसतिगृह म्हटल्याबरोबर मला तो बाटल्या मागणारा दिसला. मी म्हटलं, रडायचं नंतर, आधी नांदेडला चल. तिथं लेकरांच्या मनाचे एक डॉक्टर बसतात, मी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मनाचे डॉक्टर म्हटल्यावर रेखा दचकली. मी म्हटलं, "येडं बिडं काही न्हाई. डोळ्याला डॉक्टर असतो, दाताला असतो, तसा ह्याला."

डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते आता पुष्कळांनी ऐकलेलं असतं, एडीएचडी. मी गिऱ्हाइकांना असं समजवायची: बाजाराच्या दिवशी तुम्हाला भर एसटी स्टँडवर उभं केलं आणि पाढे म्हणायला लावले तर येतील का? या लेकरांच्या डोक्यात रोजच बाजाराचा दिवस असतो. त्यात त्यांचा दोष नसतो, आईच्या वळणाचाही नसतो. आणि यातल्या बऱ्याच लेकरांचा बाजार रात्री लवकर उठतच नाही.

डॉक्टर शहाणे होते. आधी औषध दिलंच नाही. जेवण वेळेवर, मोबाइल बंद, खोलीत अंधार, रोज एकाच वेळी अंथरूण, असं सगळं सांगितलं. त्यानं थोडाच फरक पडला, म्हणून मग झोपेसाठी मेलाटोनिनची छोटी गोळी लिहिली. हे गुंगीचं औषध नव्हे. अंधार पडला की आपल्या डोक्यात एक रस तयार होतो, तो अंगाला सांगतो की दिवस संपला. काही लेकरांत तो सांगावा उशिरा येतो. ही गोळी तेवढा सांगावा वेळेवर देते, म्हणून ती झोपायच्या थोडी आधी, रोज ठरल्या वेळेलाच द्यायची असते. आणि एवढं वाचून कोणी आपल्या मनानं आणायला निघू नका, डॉक्टरांनी लेकरू बघितल्याशिवाय माझी सूनसुद्धा देणार नाही. ईश्वरीसाठी लिहिली ती चघळायची होती, चवीला गोड. मी पाकिटावर ठसठशीत चंद्र काढला. ईश्वरीनं पेन ओढून घेऊन चंद्राला डोळे काढले.

मला वाटलं, आता जमेल. पण जमलं नाही. रेखा दर वेळी यायची आणि मान हलवायची. पोरगी जागीच. वेळेवर देता का? देतो. अंधार असतो का? असतो बऱ्यापैकी. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेपर्यंत बघू, मग जरा जोरदार औषधाचा विचार करावा लागेल. ते औषध वाईट असतं असं नाही, पण त्याला रक्तदाब बघावा लागतो, लक्ष ठेवावं लागतं. रेखाचा चेहरा दर खेपेला अजून उतरलेला दिसायचा.

मग एक दिवस भाऊराव स्वतः आले. उंच, उन्हानं रापलेला माणूस, पण डोळ्याखाली काजळ घातल्यासारखी वर्तुळं. म्हणाले, "मॅडम, बघितलं तुमच्या डॉक्टरचं. दिवाळीची सुटी संपली की तिला टाकून येतो. जागा बोलून ठेवली."

मी त्या बाटल्यांची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदेच तसे नसतेत." ते खरंही होतं. भाऊराव काही दुष्ट माणूस नव्हता, त्याला झोप पाहिजे होती. झोपेविना माणसाचं काय होतं ते मी काउंटरच्या अलीकडून रोज बघत होते, त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. त्या दिवशी मी त्यांच्यापुढं हात टेकले.

जाता जाता ते वळले. "आन् व्हय, मह्या पोरांसाठी ताकदीचं काही द्या. तिघं बी शाळेत पेंगून राहिले. मास्तरची तक्रार आली."

मी म्हटलं, रात्री ईश्वरी जागवते म्हणून पेंगत असतील, टॉनिक कशाला. मला तेव्हा एवढंच सुचलं.

पुढच्या मंगळवारी बाजाराला गयाबाई आली. मी तिला तोवर बघितलेलं नव्हतं. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, कमरेला सुपारीची चंची. दुकानात शिरताच तिनं रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली.

"ए बाई, ह्या गोड गोळ्या दे. अन् जरा जास्त दे. पुरंनात."

"पुरत नाहीत म्हणजे? रोज एकच आहे, मावशी. अजून आठवडाभर पुरायला पाहिजेत."

"अगं, घरात लेकरं चार हायत," ती म्हणाली, अगदी मलाच हिशोब येत नसल्यासारखी.

"चार?"

"मग? लेकरं माह्याजवळच झोपतेत. रेखा चुलीपाशी असती, म्हून गोळी माह्याजवळच असती. जेवणं होतील तवा मी अडकित्त्यानं चार वाटे करते. बराबर चार. समद्यांना सारखं." आणि तिनं चंचीतून अडकित्ता काढून मला दाखवला, माझा विश्वास बसावा म्हणून. "सकाळी शाळंत जाताना बी मागतेत पोरं. गोड लागती ना. मग अजून एक फोडते."

मी स्टूल ओढून बसले. म्हणजे ईश्वरीच्या वाट्याला रात्री चतकोर, तीही सगळ्यांच्या जेवणाबरोबर वाटेल तेव्हा. आणि बाकीच्या तीन धडधाकट लेकरांना सकाळी दप्तर पाठीला लावताना झोपेचा सांगावा! ती पेंगतील नाही तर काय करतील? मला हसू फुटलं, आणि लगेच त्या तीन लेकरांची काळजी वाटून पारा चढला.

"अवं मावशी, हे औषध हाय, खाऊ न्हाई!" मी ओरडलेच. मी चिडले की मला गावची बोली येते. "चांगल्या लेकरांना काहून चारता? काही झालं असतं म्हणजे? एकीला लिहिलंय तर एकीलाच द्यायचं, एवढं कळत न्हाई का?"

दुकानातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. गयाबाईनं अडकित्ता शांतपणे चंचीत ठेवला. तिला राग आला नव्हता. तिनं फळीवरून माझ्याकडे झुकून विचारलं, "तुला भाऊबहिनी किती?"

"पाच."

"तुहं एकटीचं ताट येगळं मांडलं असतं तर?"

वेगळं ताट म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. रांजण माझ्या पाठीशीच होता.

"पहिल्या दिशी रेखानं तिला एकटीला गोळी दिली," गयाबाई सांगू लागली. "दुसऱ्या दिशी पोरांनी नाव पाडलं, गोळीवाली. येडी, गोळीवाली. शिवू नका म्हनले, आपल्याला बी होईल. वाकळ ओढून घेतली तिच्या अंगावरची. ती पोरगी रडली न्हाई, कोपऱ्यात जाऊन बसली. तिला बसलेली कधी बघितली का तू? मी बी पहिल्यांदाच बघितली. मग मी चार वाटे केले. एकटीनं खाल्लं तर ती येडी. चौघांनी खाल्लं तर खाऊ. तवापासून कोन बी तिला काही म्हनत न्हाई."

मी दुकानात बसून पाकिटावर चंद्र काढत होते, डॉक्टर नांदेडला बसून बरोबर औषध लिहीत होते, आणि पोरीला त्या घरात काय सोसावं लागतंय ते एकट्या या म्हातारीनं बघितलं होतं. तिचा उपाय चुकीचा होता, पण दुखणं तिनं अगदी खरं ओळखलं होतं. मी नाक ओढलं आणि सर्दी झाली असं म्हटलं. मेडिकलवाल्या बाईवर सगळ्यांचा विश्वास बसतो.

तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि त्या तीन लेकरांचं वय, वजन, सगळं विचारून घेतलं. काळजीचं नाही, पण आजपासून त्यांना बंद, असं म्हणाले. जोरदार औषधाचा विचार आता लांबणीवर, आधी हेच नीट देऊन बघू. मग फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "आजीबाईंना माझा नमस्कार सांगा." मी सांगितला. गयाबाई म्हणाली, "चांगला मानूस हाय."

आता प्रश्न वाट्यांचा. गोळी एकीचीच राहणार आणि खाऊ तर चौघांना पाहिजे. उपाय गयाबाईनंच काढला, मी नाही. गोळी चघळायची, पांढरी, बारीक. तिनं समोरच्या किराणा दुकानातून खडीसाखर आणली आणि चंचीत बांधली. त्या दिवसापासून झोपायच्या थोडं आधी, रोज एकाच वेळेला, चार लेकरं तिच्यापुढं हात पसरून बसायची. तिघांच्या हातावर खडीसाखर आणि ईश्वरीच्या हातावर गोळी आणि वर एक बारीक खडा, म्हणजे खळखळ नको. सकाळचा हट्ट बंद, कारण म्हातारीनं सांगून टाकलं की हा खाऊ फक्त चंद्राचा आहे. आणि घरात अंधार "बऱ्यापैकी" म्हणजे काय तेही मग कळलं. लेकरं झोपायची त्याच खोलीत भाऊरावांचा टीव्ही चालायचा. म्हातारीनं तोही बंद केला. म्हणाली, अंधार बी चौघांना सारखा.

जादू झाली नाही. अशा गोष्टीत जादू होत नसते, आणि कोणी होते म्हणालं तर त्याच्या दुकानात जाऊ नये. ईश्वरी इतर लेकरांपेक्षा उशिराच झोपायची, मध्येच उठायची. पण अंथरुणावर टिकायला लागली, मग झोपायला लागली, आणि दिवाळीच्या सुमारास रेखा एकदा आली तेव्हा मान हलवायची विसरली. नुसती हसली. भाऊरावांची तिन्ही शाळेत जागी राहायला लागली, ते तर आठवड्यातच. मास्तरांना वाटलं मी टॉनिक चांगलं दिलं.

तरी जागा बोलून ठेवलेली होती. मोठ्या माणसानं शब्द दिला की तो मागं घेणं आमच्याकडे जड जातं. सुटी संपत आली, तेव्हा दुपारच्या वेळी भाऊराव दुकानात आले. मागोमाग गयाबाई. बाहेर मोटरसायकलवर ईश्वरी बसली होती आणि हॉर्नचं बटन दाबून बघत होती.

"मॅडम, पोरीची औषधं बांधून द्या. जास्तीची द्या, तिकडं कोन आनंल सारखं सारखं," भाऊराव म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला वाटलं, संपलं. मी चिठ्ठी हातात घेतली. मला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण माझी लेक नाही, माझी नात नाही, मी कोण? औषधवाली. मी स्ट्रिप काढायला वळले.

मागून गयाबाईचा आवाज आला. "चौघांची बांध."

"चौघांची?" मी वळले.

"चौघांची बांध म्हनते. वसतिगृहात धाडायचं ना? मग चारी लेकरं धाडू. माह्या घरात वाटा सारखा असतो."

भाऊरावांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "माय, तुहं डोकं फिरलं का? मह्या पोरांना काय धाड भरली वसतिगृहात जायला?"

गयाबाईनं आवाज चढवला नाही. "मग तिला काय झालंय?"

भाऊरावांनी तोंड उघडलं. ते काही तरी म्हणणार होते. ती झोपत नाही, हे म्हणणार असावेत. पण आता ती झोपत होती, आणि तेही झोपत होते, त्यांच्या डोळ्याखालची वर्तुळं मला त्या दिवशी शोधावी लागली असती. बाहेर हॉर्न वाजला. तीनदा, मग एकदा लांब. भाऊरावांनी वळून बघितलं. ईश्वरीनं त्यांना हात केला आणि ओरडली, "मोठे पप्पा, चला ना! म्हशी वाट पाहून राहिल्या!"

मग त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली, उगीच वाचल्यासारखी केली आणि काउंटरवर ठेवली.

"नेहमीइतकंच द्या, मॅडम. महिन्याचं."

मी पाकीट भरलं आणि चंद्र काढला. तो चंद्र वाकडाच आला. गयाबाईनं पाकीट चंचीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली, जसं काही बाजारातून भाजी घेऊन निघाली. भाऊराव मात्र गाडीकडे गेले नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात खडीसाखरेचा पुडा होता.